उंबरातली केंबरं

पिकलेलं उंबर फोडलं की आतून बारीक किडे उडतात. ती केंबरं. नको ते उकरून काढणाऱ्याला ‘उंबर फोडून केंबरं काढतोस’ असं आपण सुनावतो, त्यातच त्या बिचाऱ्या किड्याची पत ठरून गेली आहे. खरं तर सह्याद्रीतल्या रानाचं वर्ष कुणाच्या जिवावर निघतं याची यादी करायला बसलो, तर शेकरू आणि बिबट्याच्या आधी या दोन मिलिमीटरच्या जिवाचं नाव घालावं लागेल.

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात. दिसतं की, पण आतल्या अंगाला फुललेलं असतं. ज्याला आपण कच्चं फळ समजतो ती एक बंद पोकळी आहे आणि तिच्या आतल्या भिंतीवर चिमुकल्या फुलांची दाटी असते. टोकाला एक अरुंद भोक, तेही खवल्यांनी जवळजवळ बुजलेलं. वाऱ्याला किंवा मधमाशीला इथं काही करता येत नाही.

फुलं तयार झाली की फळातून गंध सुटतो. केंबराची मादी त्याचा माग काढत येते आणि त्या भोकात डोकं खुपसते. वाट इतकी चिंचोळी, की आत शिरताना तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. आता परतणं नाहीच. आत ती काही फुलांत अंडी घालते, बरोबर आणलेला पराग फुलांवर पसरते आणि तिथंच मरते. पराग आणण्यासाठी तिच्या छातीला खरोखरीचे खिसे असतात. जन्मझाड सोडण्यापूर्वी ती ते भरून घेते.

ज्या फुलात अंडं पडलं त्यातून केंबरू, ज्यात नाही त्यातून बी. म्हणजे झाड आपल्या होणाऱ्या बियांतला वाटा किड्याच्या पोरांना देतं. फुकट मात्र नाही. पनामातल्या अंजीरकुळातल्या झाडांवर संशोधकांनी पराग नसलेल्या माद्या मुद्दाम सोडून पाहिल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की काही जातींची झाडं अशी फसवी फळं सरळ गाळून टाकतात. आतली पिल्लंही त्याबरोबर गेली!

पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. माद्या अजून आपापल्या फुलात बंद असतानाच ते त्यांच्याशी मीलन करतात, मग फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात, आणि त्यांचं आयुष्य तिथंच संपतं. माद्या खिसे भरून त्या बोगद्यातून उडतात. बोगद्याच्या तोंडाशी मुंग्या टपलेल्या असतातच. शिवाय केंबरांच्या नात्यातले काही उपटसुंभ परागाचं काम न करता फळाबाहेर बसून लांब सुईनं भिंत भोसकून आत अंडी घालतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांना अशा एका जातीच्या सुईच्या टोकाशी जस्त सापडलं. केंबरांच्या अंगावर सूक्ष्म कृमीही फुकट प्रवास करतात. ‘परिसंस्था’ ही कल्पना १९३५ साली मांडताना आर्थर टॅन्सली यांनी ती कितीही लहानमोठी असू शकते असं म्हटलं होतं. उंबराचं एक फळ त्या व्याख्येत सहज बसतं. जैन आचारात पाच उदुंबर फळं वर्ज्य मानली आहेत, ती आत जीव असतात म्हणूनच. हे निरीक्षण फार जुनं आहे.

पण खरी गंमत फळाबाहेर आहे. उडालेली मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते. एका झाडाची फळं साधारण एकाच वेळी तयार होतात, म्हणून तिला तेवढ्यात दुसरं झाड गाठावं लागतं, आणि तेही नेमकं फुलांच्या अवस्थेतलं. आंब्यासारखा सगळ्या उंबरांना एकाच हंगामात बहर आला असता, तर केंबरांचा वंश एका वर्षात बुडाला असता आणि पाठोपाठ उंबराचाही. म्हणून उंबरं एकमेकांशी ताळमेळ न ठेवता धरतात. रानात कुठल्याही महिन्यात कुठलं तरी उंबर लगडलेलं असतं. किड्याचं आयुष्य दोन दिवसांचं, म्हणून रानाला बारमाही फळ!

वड, पिंपळ, पायर, नांदुरूक यांचाही असाच कारभार, बहुधा प्रत्येकाचं केंबरू वेगळं. इतर झाडांवर काही नसतं त्या दिवसांत हरियाल, तांबट, वटवाघळं, वानरं या झाडांवर गर्दी करतात. उन्हाळ्याच्या तोंडावर धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला भरवत राहतो. त्या भरवण्यात याच कुळातली फळं पुष्कळ असतात, आणि त्यांत इतर रानफळांच्या मानानं कॅल्शियम जास्त असतं. ओढ्यावर झुकलेल्या उंबराखाली मासे तोंड वर करून असतात, तो हिशेब वेगळाच.

एकाच जातीवर सगळा डोलारा कसा तोललेला असतो, हे समुद्रकाठीही दिसलं आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर संशोधक रॉबर्ट पेन यांनी खडकांवरून एका जातीचे तारामासे काढून टाकले, तर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि १५ प्रजातींच्या ८ उरल्या. १९६९ साली त्यांनी अशा जातींना कमानीच्या मधल्या दगडाचं, ‘कीस्टोन’ असं नाव दिलं. पेरूच्या जंगलात अंजीरकुळाला तो मान जॉन टरबॉर्घ यांनी १९८६ मध्ये दिला. पण गॅबनच्या जंगलात ही झाडं इतकी विरळ निघाली, की तिथं तो लागू पडेना. मला हा अपवाद फार मोलाचा वाटतो. बारमाही फळ हा एकट्या झाडाचा गुण नाही, पुरेशी झाडं पुरेशी जवळ असण्याचा तो परिणाम आहे. तोडीच्या यादीत उंबराच्या हलक्या लाकडाला भाव नसतो; झाडाझाडांमधलं हे अंतर तर कुठल्याच रकान्यात येत नाही.

जवळ म्हणजे किती, हे मात्र केंबरावरच सोपवावं. नामिबियाच्या वाळवंटात उगाब नदीकाठच्या अंजीरकुळातल्या झाडांच्या पितृत्वाचा छडा लावला, तेव्हा काही माद्या वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत आल्याचं निघालं. माळावरच्या विहिरीकाठी एकटंच उंबर उभं असतं, तरी त्याच्या फळांत केंबरं असतात. बहुधा ती अशाच कुठून तरी आलेल्या मादीची पोरं.