नऊच्या पुढची पायरी
देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना आकड्यांचं वेड होतं. डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी नावही स्टेशनाचंच दिलं.

त्यांतल्याच काही डेमलो संख्या अशा: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की येतात १२३४५६७८९८७६५४३२१. चढण-उतरण झकास, पण ही मूळ संख्या कशी असेल? वर्गच तो! अंकांची बेरीज ८१, म्हणून ९ ने भाग जातोच. ३७ नेही जातो.

आता ९ वर न थांबता १० पर्यंत चढायचं आणि मग उतरायचं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस अंकांची ही संख्या मात्र चक्क मूळ आहे! बेरीज ९१, त्यामुळे ३ चा पत्ता लगेच कट. पुढे एकेक भाजक तपासायचा तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे सुमारे ३५१ कोटींपर्यंत जावं लागतं. वहीची पानं संपतील. संगणक हुशार कसोट्या लावून हे क्षणात सांगतो. अशा तपासणीची वेगवान आणि खात्रीची एक रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली.

गंमत म्हणजे, ही संख्या दिसते तशी दोन्हीकडून सारखी नाही. उलटी वाचली की मधल्या १० चा ०१ होतो.