काठाचा पाचोळा, पोटातला पाचोळा

ब्राझीलमध्ये मानौसच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, गुरांच्या कुरणांमध्ये रानाचे तुकडे मुद्दाम राखलेले आहेत: १, १० आणि १०० हेक्टरचे. तुकडे पडल्यावर रानाचं काय होतं, हे पाहण्यासाठी थॉमस लव्हजॉय यांनी १९७९ साली हा प्रकल्प सुरू केला. तिथे पाचोळा मोजणाऱ्यांचा कोरड्या ऋतूतला हा दिवस.

पहाटे ५.३० : छपराखाली टांगलेल्या झोळ्यांतून उठायचं. गोड काळी कॉफी घ्यायची आणि ‘मातेइरो’ म्हणजे रानाचा जाणता पुढे घालून निघायचं.

सकाळी ७ : कुरण संपतं तिथे पहिली जाळी. चौकटीवर ताणून जमिनीपासून उंच धरलेली. पानं खाली पडून कुजू नयेत म्हणून. पंधरवड्याचा पाचोळा पिशवीत भरायचा, वर क्रमांक आणि तारीख टाकायची.

सकाळी ८ : काठापासून पन्नास मीटरच्या आत पिशव्या फुगतात. कुरणावरचा कोरडा, तापलेला वारा आत घुसतो, पाण्याच्या ताणाने झाडं पानं टाकतात. मोठे वृक्ष उन्मळतात किंवा उभे वाळतात. त्यांच्या जागी सेक्रोपियासारखी झपाट्याने वाढणारी झाडं येतात.

सकाळी ११ : शंभर हेक्टरच्या तुकड्याच्या पोटात. हवा दमट, पिशव्या हलक्या. पडलेलं पान बुरशी आणि वाळवी बघता बघता संपवतात. काठावर ओल आटली की कुजणंही रेंगाळतं.

दुपारी १ : भात, घेवडा आणि कसाव्याचा रवाळ भुगा.

दुपारी २ : पट्टी खोचून जमिनीवरच्या थराची जाडी आणि शेजारची रोपं मोजायची. जाड थराखाली बारीक बी रुजत नाही, रुजलंच तर गुदमरतं. शिवाय शेजारचं कुरण पेटवलं की आग याच वाळक्या थरावरून रानात शिरते.

संध्याकाळी ५ : पानं, काटक्या, फुलं-फळं, चुरा असे ढीग वेगळे करायचे. वजन नंतर, मानौसला ओव्हनमध्ये पूर्ण सुकवल्यावर. ओल्या पाचोळ्याच्या वजनात पाऊसही मोजला जातो.

रात्री ७.३० : कंदिलाखाली हिशोब. काठाची झळ शंभर मीटर आत जाते असं धरा. चौरस तुकडा १ हेक्टरचा असेल, तर तो सगळा काठच. १० हेक्टरमध्ये पोट उरतं जेमतेम १.३५ हेक्टर, १०० हेक्टरमध्ये ६४. म्हणजे दहा-दहा हेक्टरचे दहा तुकडे राखले, तर कागदावर शंभर हेक्टर रान राहतं, प्रत्यक्षात साडेतेरा. रान राखायचं तर एकसंध राखा.