सहा व्होल्टची जीप, बारा व्होल्टचे गाणे

ग्रामीण महाराष्ट्राला जीपची ओळख करून देण्याची गरज नाही. शेवगावहून पाथर्डी, नेवासे किंवा पैठणच्या वाटेला लागणाऱ्या माणसाला जीपमधला प्रवास आणि तिच्यात वाजणारी गाणी, दोन्ही परिचित असतात. महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या पिढीतील एखादी जीप आजही कुठे वाड्याच्या पडवीत, तर कुठे शेतातल्या छपराखाली उभी दिसते. समजा, शेवगाव तालुक्यातील एका घराने अशी जीप दुरुस्त केली आणि घरातील तरुणांनी तिच्यात आजचा ब्लूटूथ संच बसवायचे ठरवले. काम अर्ध्या तासाचे वाटते. पण चूक झाली तर संच जळतो, तारा पेटतात आणि पन्नास-साठ वर्षे टिकलेली गाडी काही मिनिटांत नाहीशी होऊ शकते. काम बिनधोक कसे करावे याचे उत्तर आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. ते आपण क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न विभवांतराचा. आजचा संच १२ व्होल्टवर चालतो, तर विलीज जीपची बॅटरी ६ व्होल्टची असे. शिशाच्या बॅटरीचा एक घट सुमारे २ व्होल्ट देतो. तेव्हा तीन घट होते, आज सहा असतात. संच मध्यम आवाजात २४ वॅट शक्ती घेतो असे धरू. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. म्हणून १२ व्होल्टला धारा २ अँपिअर, तर ६ व्होल्टला तेवढ्याच शक्तीसाठी ४ अँपिअर लागेल.

आता बॅटरीपासून संचापर्यंत जाऊन परत येणारी तांब्याची तार एकूण ५ मीटर आणि तिचा छेद १ चौरस मिलिमीटर आहे असे समजू. तिचा रोध सुमारे ०.०८६ ओहम भरतो. दोन अँपिअर धारेला तारेत ०.१७ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे १२ व्होल्टच्या दीड टक्क्याहूनही कमी. चार अँपिअरला ०.३४ व्होल्ट जातात, म्हणजे ६ व्होल्टच्या जवळजवळ सहा टक्के. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तीही चौपट होते. जुन्या गाड्यांतील तारांवर कापडाचे व रबराचे वेष्टण असे. ते वयोमानाने ठिसूळ होऊन गळते. म्हणून जुन्या तारेला जोड देऊन संच चालवू नये. त्यासाठी नवी, जाड तार बॅटरीपासून वेगळी ओढावी आणि फ्यूज संचाजवळ न लावता बॅटरीजवळ लावावा. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. वाटेत तार घासून पत्र्याला टेकली, तर पलीकडच्या टोकाच्या फ्यूजचा काहीच उपयोग होत नाही.

मग ६ व्होल्टचे १२ व्होल्ट कसे करायचे? हा प्रश्न मोटारीतील रेडिओइतकाच जुना आहे. अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. त्या काळच्या रेडिओतील व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेचा, आणि रोहित्र तर बदलत्या प्रवाहावरच चालते. पुढे यावर ‘व्हायब्रेटर’ हा उपाय रूढ झाला. विजेच्या घंटीतील पट्टीसारखी एक पट्टी सेकंदाला सुमारे शंभर वेळा थरथरून प्रवाह जोडी-तोडी आणि त्या तुटक प्रवाहावर रोहित्र चाले. १९५०च्या दशकाच्या मध्यास ट्रान्झिस्टरचे मोटार-रेडिओ आले आणि व्हायब्रेटर मागे पडला. आज बाजारात मिळणारा कन्व्हर्टर हेच काम करतो. त्यात पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर असतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा प्रवाह जोडतो-तोडतो. तरी ऊर्जा फुकट मिळत नाही. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर २४ वॅटसाठी बॅटरीतून सुमारे ४.७ अँपिअर निघतील. इंजिन मंद चालत असताना जुना डायनॅमो फारशी वीज देत नाही. गाडी उभी करून तासन्‌तास गाणी ऐकली, तर सकाळी ती ढकलावी लागेल!

दुसरा प्रश्न अर्थचा. मोटारीत परतीची तार म्हणून गाडीचा पत्राच वापरतात. विलीज जीपमध्ये बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते, आजच्या गाड्यांतही तसेच. परंतु मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक पत्र्याला जोडलेले असे. आजच्या संचाचे धातूचे कवच त्याच्या ऋण टोकाशी आतून जोडलेले असते. धन-अर्थच्या गाडीत ऋण तार बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली आणि संच डॅशबोर्डला स्क्रूने बसवला, की बॅटरीची दोन्ही टोके एकमेकांना भिडली! कवच रबराने अलग केले तरी एरियलची तार विसरू नये. तिची बाहेरची जाळी संचाच्या कवचाशी आणि पत्र्याशी, दोन्हीशी जोडलेली असते. यावर चांगला उपाय म्हणजे आत रोहित्र असलेला, दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा कन्व्हर्टर. खरेदी करताना हे विचारून घ्यावे, कारण स्वस्त कन्व्हर्टरमध्ये दोन्ही बाजूंचे ऋण टोक बहुधा एकच असते.

तिसरा प्रश्न खरखरीचा. हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय तरंग निर्माण केले ते ठिणगीच्या साहाय्याने. मोटारीचा प्रत्येक स्पार्क प्लग हे त्याच जातीचे छोटे प्रक्षेपण केंद्र होय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या ज्या वाहनांत या उपद्रवाचा बंदोबस्त केलेला असे, त्यांच्या बॉनेटवर नोंदणी क्रमांकानंतर ‘एस’ हे इंग्रजी अक्षर रंगवत. बंदोबस्ताची साधने साधी आहेत : प्लगच्या तारेत काही हजार ओहमचा रोध, डायनॅमोवर कंडेन्सर आणि बॉनेट व इंजिन पत्र्याला घट्ट जोडणाऱ्या पट्ट्या. मध्यम लहरींवर आवाजाची माहिती तरंगांच्या आयामात असते आणि ठिणगी आयामच बिघडवते. म्हणून तेथे खरखर जास्त. एफएममध्ये माहिती वारंवारतेत असल्याने त्रास कमी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू आली, तर तारांतून येणाऱ्या डायनॅमोच्या तरंगांचा संशय घ्यावा.

चौथा प्रश्न वॅटचा. डब्यावर ‘प्रत्येकी ५० वॅट’ असे छापलेले असते. हा आकडा येतो कोठून? इंजिन चालू असता आजच्या गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकरचा रोध ४ ओहम. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे जवळजवळ ५२ वॅट. परंतु ही चौकोनी तरंगाची, म्हणजे फाटलेल्या आवाजाची शक्ती झाली. स्वच्छ ज्या-तरंगासाठी ती निम्मी, २६ वॅट. कन्व्हर्टरच्या १२ व्होल्टला १८ वॅट. प्रत्यक्षात त्याहूनही थोडी कमी.

आवाज भरदार होण्यासाठी वॅटपेक्षा स्पीकरची पेटी महत्त्वाची आहे. स्पीकरचा कागद पुढे सरकतो तेव्हा पुढे हवेचा दाब वाढतो आणि मागे कमी होतो. खर्जाच्या १०० हर्ट्झ स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर. एवढा मोठा तरंग स्पीकरच्या कडेवरून सहज वळतो आणि मागचा-पुढचा दाब एकमेकांना खोडून काढतो. म्हणून उघड्या जीपमध्ये नुसता टांगलेला स्पीकर केविलवाणा वाजतो, तर आसनाखालच्या बंद लाकडी पेटीतला भरदार.

या पेटीमुळे आणखी एक मोठी गोष्ट साधते : गाडीला भोक पाडावे लागत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ रूपात जपलेले आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन म्हणजे व्हिंटेज. संच बसवण्याची हौस पुरी करावी, पण उद्या तो काढला तर गाडी होती तशी दिसली पाहिजे. कापलेला डॅशबोर्ड पुन्हा जोडता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर), १९९४ पासून असलेल्या रणगाडा संग्रहालयात मूळ रूपात जपलेली यंत्रे विद्यार्थ्यांना दाखवता येतील. वस्तू इतिहास कसा सांगते, ते तेथे लगेच उमगते.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावा. दीड व्होल्टच्या सेलचे एक टोक तारेने कानशीला जोडा आणि दुसऱ्या टोकाची तार कानशीवर क्षणभर घासा. खरखर ऐकू येईल. रेडिओ दूर नेला की ती कमी होईल. तार घासत न ठेवता लगेच उचलावी, नाहीतर सेल तापतो. दुसरा प्रयोग : एक सुटा स्पीकर वाजवा. मग मोठ्या पुठ्ठ्याला त्याच्या मापाचे भोक पाडून स्पीकर त्यावर घट्ट धरा आणि आवाजातील फरक विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्या. त्यानंतर गावातील एखाद्या जुन्या जीपची बॅटरी मालकाच्या परवानगीने पाहायला न्या. घट किती आहेत आणि पत्र्याला कोणते टोक जोडले आहे, एवढे दोनच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा. तारांना मात्र हात लावू देऊ नका.