डॉ. हेल्मींचे कागद

जून १९४३ मध्ये बर्लिनमधल्या एका ज्यू तरुणीने इस्लाम स्वीकारल्याचा दाखला तयार झाला. दाखला देणाऱ्या इस्लामी केंद्रीय संस्थेचं उद्घाटन सहा महिन्यांपूर्वी जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांच्या भाषणाने झालं होतं. हे मुफ्ती हिटलरच्या आश्रयाला आलेले, ज्यूंचे उघड वैरी. त्यांच्याच छायेतल्या संस्थेकडून एका ज्यू मुलीचा जीव वाचवणारा कागद मिळवला तो डॉ. मोहम्मद हेल्मी यांनी.

इजिप्शियन कुटुंबात १९०१ साली खार्टूमला जन्मलेले हेल्मी १९२२ मध्ये वैद्यकी शिकायला बर्लिनला आले. मोआबिटच्या रॉबर्ट कॉख रुग्णालयात त्यांनी नोकरी धरली आणि तिथे ते मूत्रविकार विभागाचे प्रमुख झाले. या रुग्णालयात ज्यू डॉक्टर पुष्कळ होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना हाकलून दिलं, ते हेल्मींनी डोळ्यांदेखत पाहिलं. पुढे पाळी त्यांचीही आली. नाझींच्या वर्गवारीत ते ‘हॅमिट’, म्हणजे आर्य नव्हेत. १९३८ मध्ये नोकरी गेली, आणि एमी एर्न्स्ट या जर्मन वाग्दत्त वधूशी लग्न करायलाही बंदी झाली. १९३९ मध्ये इतर इजिप्शियनांबरोबर त्यांना अटक झाली. प्रकृती ढासळल्यामुळे वर्षभराने ते सुटले.

पोलिसांच्या नजरेत असलेला असा परदेशी माणूस गप्प राहिला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. पण १९४२ मध्ये ओळखीच्या कुटुंबातल्या आना बोरोसवर हद्दपारीचं संकट आलं आणि हेल्मींनी बर्लिनच्या बूख भागातल्या आपल्या छोट्या घरात तिला लपवलं. पत्रकार रोनेन श्टाइन्के यांनी या दोघांवर लिहिलेल्या पुस्तकात ही मुलगी डॉक्टरांची मुस्लिम भाची ‘नादिया’ म्हणून, ते रोगी तपासत त्या दवाखान्यात मदतनीस झाल्याचं सांगितलं आहे. लपवायचं ते चारचौघांत, रोग्यांच्या गर्दीत! धर्मांतराच्या दाखल्यापाठोपाठ एका इजिप्शियन माणसाशी तिचं लग्न झाल्याचा कागदही हेल्मींनी आपल्या घरी करवून घेतला.

आनाच्या आजीला फ्रीडा श्टुर्मान या जर्मन स्त्रीने आपल्या घरी आसरा दिला. रेशनवर मिळणारं स्वतःच्या वाट्याचं अन्न ती वर्षाहून अधिक काळ आजीबरोबर वाटून खात होती. हेल्मींच्या कहाणीत फ्रीडाचं नाव ओझरतं येतं, याची मला खंत वाटते.

१९४४ मध्ये आनाची आई आणि सावत्र वडील पकडले गेले. छळ असह्य होऊन त्यांच्या तोंडून हेल्मींचं नाव बाहेर पडलं. हेल्मींनी तातडीने आनाला फ्रीडाकडे पोहोचवलं आणि गेस्टापोपुढे एक पत्र ठेवलं. मी माझी खरी ओळख डॉक्टरांपासून लपवली होती, आता मी डेसाऊला मावशीकडे जाते आहे, अशा आशयाचं ते आनाचं पत्र. हेल्मी त्यातून निभावले. आना, तिचे आईवडील आणि आजी, चौघंही युद्धातून जिवंत वाचले.

युद्धानंतर आनाचं कुटुंब अमेरिकेला गेलं. हेल्मी बर्लिनमध्येच राहिले, एमीशी अखेर लग्न झालं, आणि १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं. आनाच्या कुटुंबाने १९५०च्या दशकात आणि १९६०च्या सुरुवातीला बर्लिनच्या सिनेटला पत्रं लिहून या मदतीची नोंद करून ठेवली होती. ती पत्रं जुन्या दप्तरांत सापडली आणि २०१३ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने हेल्मी आणि फ्रीडा या दोघांना, ज्यूंना वाचवणाऱ्या इतरधर्मीयांना दिला जातो तो सन्मान जाहीर केला. हा सन्मान मिळवणारे हेल्मी पहिले अरब. इस्रायलकडून आलेला म्हणून इजिप्तमधल्या नातलगांनी तो आधी नाकारला. २०१७ मध्ये, पेशाने डॉक्टरच असलेल्या त्यांच्या एका नातलगाने बर्लिनला जर्मन परराष्ट्र मंत्रालयात तो स्वीकारला.