घाटमाथ्यावरची थंडी आणि ताडमाड

ताडमाडांच्या बहुतेक जातींत खोडाला शेंड्याशी वाढीचा एकच कोंब असतो. आंब्या-फणसाला सालीखाली वाढणारा पेशींचा थर असतो, त्यामुळे फांदी मेली तरी खाली नवी फूट येते. नारळ-सुपारीला तो थर नाही. थंडीने झावळ्या करपल्या तर झाड वर्षभरात सावरते. कोंब गोठला किंवा कुजला, की ते संपलेच.

जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या डोक्यावर, जीवधनच्या शेजारी वसलेल्या घाटघरला हा धोका वेगळ्या रूपात येतो. महाराष्ट्रातली थंडी मुळात जेमतेम गोठणबिंदूपर्यंत उतरते. पुण्यातला नीचांक 1.7 अंशांचा, 17 जानेवारी 1935 चा. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी कधीमधी दवबिंदू गोठतात. उणे 15 अंशांतही तगणारा चीनचा पंखापाम (ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी) किंवा त्याचा कुमाऊँमधला भाऊबंद ट्रॅकिकार्पस टाकिल इथे लावण्यात फारसा अर्थ नाही. त्यांना थंड, ओलसर उन्हाळा मानवतो. घाटमाथ्यावर झाडाला सोसावा लागतो तो पावसाळ्यातला बेफाम वारा, कातळावरची वीतभर माती आणि पुढे आठ महिन्यांचा कोरडा काळ.

या परीक्षेला उतरलेली झाडे सह्याद्रीतच आहेत. पहिली शिंदी. तिची झावळी निळसर करडी, खोडावर जुन्या देठांचे खवले आणि देठाच्या बुडाशी पात्यांचेच झालेले लांब काटे. रोप लहान असताना खात्रीची खूण म्हणजे पात्याची घडी. शिंदीचे पाते वर उघड्या पन्हळीसारखे दुमडलेले असते. नारळ-सुपारीचे नेमके उलटे, पालथ्या पन्हळीसारखे. पाते आडवे कापून पाहिले की शंका उरत नाही. शिंदीत नर-मादी झाडे निराळी असतात, म्हणून एकुलत्या झाडाला फळ धरत नाही. ती शून्याखाली काही अंशांची थंडीही सोसते.

दुसरा भेर्ली माड, म्हणजेच सुरमाड. पान दोनदा विभागलेले आणि टोकाला माशाच्या शेपटासारखे फाटके. ताडकुळात अशी दुहेरी विभागणी फक्त याच्याच प्रजातीत दिसते. याला ओलावा लागतो, त्यामुळे उघड्या सड्यापेक्षा ओढ्याकाठ बरा. फुलोऱ्याचे घोस वरून खाली येत जातात आणि सर्वांत खालचा घोस पिकला की झाड मरते. घराला लागून तो लावू नये ते यासाठीच. फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने हाताला खाज सुटते. बिया सोलताना हातमोजे हवेतच. उदमांजरे मात्र ती फळे आवडीने खातात. रोपवाटिकेत ‘पाम’ म्हणून मिळणारा सायकस या कुळातला नाहीच: त्याला फुले नव्हे, शंकू येतात.

शिंदीचे बी ताजे असतानाच पेरावे. अंकुराचा देठ आधी बियाण्यापासून खोल जमिनीत शिरतो आणि रोप तिथून वर येते, म्हणून पिशवी उथळ नको. लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. कातळावर नुसता खड्डा खणला तर त्यात पाणी साचून मुळे कुजतात. उताराच्या बाजूने चर काढावा किंवा माती-मुरमाचा उंचवटा करून त्यावर रोप बसवावे. मुळांची मान मातीच्या पातळीत राहिली पाहिजे, खोल पुरली की कुजते.

थंडीच्या तोंडावर युरिया देऊ नये. कोवळी फूट आधी मार खाते. पालाश कमी पडले की खालच्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके येतात. तेव्हा ‘खराब दिसतात’ म्हणून त्या तोडण्याची घाई होते आणि घोटाळा तिथेच होतो: झाड त्यांच्यातलेच पालाश काढून नव्या पानांना पुरवत असते. पूर्ण वाळलेल्या झावळ्याच काढाव्यात. हिरव्या देठाच्या ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि शेंडा कलंडेपर्यंत बाहेर सहसा काही कळत नाही.