धरणाखाली मोठा मासा का लागतो?

उजनीचे दरवाजे उघडले की भीमेच्या काठी गळवाल्यांची गर्दी होते. मोठा कटला, रोहू तिथंच का सापडतो? नव्या पाण्याचा लोंढा लागला की हे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. पुढं भिंत आडवी येते, मग खालीच घुटमळतात. पडत्या पाण्यात हवाही भरपूर मिसळते. वरून वाहून आलेली बारकी मासळी शिंगाड्याला आयती मिळते.

भर धारेत गळ टाकून उपयोग नाही. धारेच्या कडेला, खडकामागं पाणी संथ फिरतं, तिथं मासा दम खातो. कटल्याला कणीक-पेंडीचा गोळा लावा, शिंगाड्याला गांडूळ. पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्या. एकीच्या पोटात लाखो अंडी असतात.

खरा धोका पाण्याचा. वर विसर्ग वाढवला की खडकावर उभ्या माणसाच्या पायाआधी मागची वाट बुडते. पाठीमागं बघतंय कोण, सगळ्यांचं लक्ष दोरीवर! भोंगा वाजला किंवा पाणी एकाएकी गढूळ झालं, की गळ तिथंच टाकून काठ गाठा. मी एकदा डबा, चपला सोडून पळालोय. वळून बघितलं, तर बसलो होतो तो खडक दिसतच नव्हता.