पूरबळी कोणाला म्हणायचे?

“डॉक्टरसाहेब, आमची आई पुरानेच गेली ना?” 2019 च्या ऑगस्टमधील महापूर ओसरून महिना झाला होता, तेव्हा एका मुलाने दवाखान्यात येऊन मला हे विचारले. म्हातारी इन्सुलिनवर. आठवडाभर शाळेच्या वर्गात आसरा, इन्सुलिन घरच्या फ्रीजमध्ये आणि फ्रीज पाण्याखाली. घरी परतल्यावर तिची साखर पाहिली, तर यंत्रावर आकडाच येईना, नुसते ‘हाय’. रुग्णवाहिकेची वाट पाहतानाच ती गेली. पूरबळींच्या यादीत तिचे नाव नव्हते, कारण ती बुडाली नव्हती. आणि दाखल्यावर मी लिहिले होते, ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू’.

वाचकहो, हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते! ते मरणाचे कारण नव्हे, ते मरणच. घाईत आम्ही डॉक्टर मंडळी हे सर्रास लिहितो.

असे किती निसटतात? अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्टो रिको बेटावर 20 सप्टेंबर 2017 रोजी ‘मारिया’ चक्रीवादळ आदळले. बळींचा सरकारी आकडा कित्येक महिने 64 वरच थांबला होता. वीज मात्र अनेक भागांत महिनोन्महिने नव्हती. आणि डायलिसिस, ऑक्सिजनचे यंत्र, इन्सुलिनचा फ्रीज हे सारे विजेवरच. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी फेब्रुवारी 2018 पर्यंत एरवी किती माणसे गेली असती आणि प्रत्यक्षात किती गेली, याची वजाबाकी केली. उत्तर आले 2,975. ऑगस्ट 2018 मध्ये तेथील सरकारनेही तेच मान्य केले. अशा मृत्यूंना ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात. (शब्द कानाला बरा लागत नाही, पण रूढ झाला आहे.) आपत्तीत दाखला कसा भरावा हे तिथल्या डॉक्टरांनाही नीट सांगितलेले नव्हते, असे त्याच अभ्यासात आढळले.

वजाबाकीतून संख्या कळते, नाव कळत नाही. नाव दाखल्यावरूनच कळते. त्यावर पहिल्या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण, खाली ते कशामुळे झाले आणि त्याखाली मूळ आजार लिहायचा असतो. हातभार लावणाऱ्या गोष्टींना वेगळी जागा असते. आजीच्या दाखल्यावर साखरेचा अतिरेक, मधुमेह आणि ‘महापुरामुळे इन्सुलिन खंडित’ असे यायला हवे होते. तेव्हा घरात असा प्रसंग आलाच, तर औषध किती दिवस बंद होते, वीज कधी गेली, हे डॉक्टरांना दाखला लिहिण्यापूर्वीच सांगा.

त्या मुलाला मी “हो, पुरानेच” म्हणालो. दाखला तोवर नोंदला गेला होता.